पालखीपुढचे कवच

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. पत्नीजवळ नाही, मुलांजवळ नाही. देवापुढे बसून मनातल्या मनात कितीदा तरी उच्चारली—पण देवाला सांगण्यात धोका नसतो, हे मी जाणून होतो. आता तुम्हाला सांगायला बसलो आहे, आणि एवढ्यातच उठून पडवीत फेऱ्या मारून आलो. गुडघे दुखतात, तरी एका जागी बसवत नाही.

आधी कवचाविषयी सांगतो. कवचाविषयी सांगणे सोपे आहे.

नागावच्या पुढे, समुद्राला लागून असलेल्या आमच्या गावात चैत्रात ग्रामदेवाचा उत्सव होतो. शेवटच्या दिवशी पालखी निघते आणि पालखीपुढे एक मनुष्य सर्वांगावर कवच घालून चालतो. तो देवाचा रक्षक. त्या दिवशी त्याला कोणी नावाने हाक मारीत नाही; तो केवळ ‘कवचधारी’. जुने कवच चामड्याचे आणि पितळी पत्र्यांचे होते. खाऱ्या वाऱ्याने पट्टे कुजले, पत्रे हिरवे पडले, आणि एका वर्षी भर मिरवणुकीत त्याचा एक खांदा निखळून रस्त्यावर पडला. उत्सव समितीचे अध्यक्ष बापू—नारळ-सुपारीच्या मोठ्या वाडीचे धनी, स्वभावाने मोकळे—मला म्हणाले, "गुरुजी, नवं काहीतरी बघा आता. रक्षकच गळायला लागला, तर देवाने कोणाच्या भरवशावर बाहेर पडायचं?"

मला एकच नाव सुचले. सुधाकर गायकवाड.

मी शाळेत संस्कृत शिकवीत असे, ते चित्रकला. शिक्षकांच्या खोलीत आमची टेबले शेजारी शेजारी होती आणि निवृत्तीनंतर संध्याकाळचा चहा एकत्र होता. त्यांच्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतलेली. त्यांच्या घरात बुद्धमूर्ती, माझ्या घरात पंचायतन. आमच्या मैत्रीत त्याची अडचण कधी आली नाही—असे मी सांगत असे. लोकांना सांगत असे आणि स्वतःलाही.

गायकवाडांनी खाडीच्या तोंडाशी फायबरच्या होड्या बनताना पाहिल्या होत्या. ते म्हणाले, "सर, होडी पाण्यात टिकते, मग चिलखत वाऱ्यात का टिकणार नाही? वरून कागद, आतून फायबर. वजनाला हलकं आणि दिसायला लोखंड." आणि माझ्या मागच्या पडवीत त्यांचा कारखाना सुरू झाला. जाड कागदाचे तुकडे कापायचे, घडीवर दुमडायचे, कडेच्या पाकळ्यांना डिंक लावून एकमेकांत बसवायचे. सपाट कागदातून हळूहळू छाती उभी राहायची, मग पाठ, मग खांदे, मग चेहरा झाकणारे शिरस्त्राण. कागदाला सर्दावू न देता त्यावर रेझिनचा हात द्यायचा. तो वाळला की आतून काचतंतूंची चटई आणि पुन्हा रेझिन. त्या उग्र वासाने माझी पत्नी दारे लावून घेई. काचेचे कण दंडाला टोचत, खाज सुटे, आणि आम्ही दोघे सत्तरीकडे झुकलेले मास्तर खोबरेल चोळीत बसत असू. मी इतका आनंदी क्वचितच होतो.

सांधे आतून पक्के करायला त्यांना मऊ कागदाच्या पट्ट्या हव्या होत्या. माझ्याकडे जुन्या पंचांगांचा गठ्ठा होता, विसर्जनासाठी ठेवलेला. मी तो पुढे केला—आणि हात क्षणभर थांबला. का थांबला? गायकवाड तत्काळ म्हणाले, "राहू द्या सर, वर्तमानपत्र चालतं." मी गठ्ठा दिलाच, थोड्या अधिक उत्साहाने दिला. तो अधिक उत्साह मला आजही बोचतो.

माप कोणाचे घ्यायचे? पडवीत आम्ही दोघेच. म्हणून मी टेप धरली आणि माप गायकवाडांचे घेतले. पुढे कागदाची छाती प्रथम त्यांच्या अंगावर चढली तेव्हा ती अशी बसली, की मी भारावून बोलून गेलो—"हे तुम्हीच घालायचे. पालखीपुढे तुम्हीच."

ते हसले नाहीत. बराच वेळ कागदावरून हात फिरवीत राहिले. मग म्हणाले, "सर, देवाचा विषय माझा नाही, तुम्हाला माहीत आहे. पण आमची माणसं पालखी विहिरीच्या वळणावरून बघायची. त्याच्या पुढं यायचं नाही, असा दंडक होता. आता कोणी अडवत नाही, तरी आय अजून तिथंच उभी राहते. मी देवापुढं नाही चालणार. मी त्या वळणावरून चालणार."

त्यांच्या पत्नी शोभाताई घरून आणलेल्या चहाचे कप उचलत होत्या. त्या म्हणाल्या, "घरात दोन पिशव्या उचला म्हटलं की कंबर धरतात, आणि आता अंगावर किल्ला चढवून गावभर फिरणार!" आम्ही सगळे हसलो. पण त्या संध्याकाळी त्यांनीच सासूबाईंना सांगितले असावे. दुसऱ्या दिवशी ती नव्वदीची माउली काठी टेकीत आमच्या अंगणाच्या कडेपर्यंत आली आणि तिथूनच मला विचारू लागली, "मास्तर, खरं हाय व्हय? माजा ल्योक पालखीच्या म्होरं?"

"खरे आहे," मी म्हणालो.

आता मला सांगितले पाहिजे. पुन्हा उठावेसे वाटते आहे—नाही, बसतो.

उत्सवाच्या आधी देवळाच्या सभामंडपात समितीची बैठक झाली. कवच मधोमध ठेवले होते, रुपेरी, तेजस्वी. लोक बोटांनी वाजवून पाहत होते आणि कागद कुठे आहे म्हणून शोधत होते. गायकवाड एका खांबाला टेकून बसले होते. बापू म्हणाले, "कवच झकास झालंय. गायकवाड सरांच्याच मापाचं आहे, तेच घालतील म्हणतात. गुरुजी, शास्त्राच्या दृष्टीने काही आड येत नाही ना?"

काहीही आड येत नव्हते. शास्त्रात असा काही विषयच नाही. ‘नाही’ एवढा एक शब्द उच्चारायचा होता.

मी डोळे मिटले आणि एक श्लोक म्हटला.

ज्याने कवच घडविले त्याने ते धारण करू नये, घडविणाऱ्याचे पुण्य त्यामुळे उणे होते—असा त्याचा भाव. अनुष्टुभ् छंद. कुठेही न अडखळता, जणू लहानपणापासून पाठ असल्यासारखा. तो कोणत्याही ग्रंथात नाही. तो त्या क्षणी मी रचला. आयुष्यभर ज्या भाषेच्या पायाशी बसलो, जिच्यातले एक अक्षर चुकले तर विद्यार्थ्याला दहा वेळा म्हणायला लावले, त्या भाषेत मी खोटे बोललो. आणि याहून लाजिरवाणे सांगू? चौथा चरण बिनचूक बसला तेव्हा मला आत कुठेतरी समाधान वाटले. खोटे बोलत असतानाच मी स्वतःला शाबासकी दिली. हे कोणत्या जातीचे पाप आहे, ते मला अजून ठरविता आलेले नाही.

सभामंडपात माना डोलल्या. कोणी ग्रंथाचे नाव विचारले नाही. गायकवाडांनी तेवढे म्हटले, "म्हणजे शास्त्रात बनवणाऱ्याचासुद्धा विचार केलेला आहे तर." त्या स्वरात कडवटपणा नव्हता. आदर होता. कडवटपणा असता, तर मी कदाचित बोललो असतो. कदाचित—हा शब्दही मला वापरायचा अधिकार नाही.

बापूंचे जावई पुण्याहून आले होते, त्यांनी कवच घातले. ते अंगाने रुंद. छाती बसेना. गायकवाडांनी स्वतः करवतीच्या पात्याने दोन्ही कुशींना कवच कापले, मागून पट्टे जोडले, आणि त्या कडा लागू नयेत म्हणून काचपेपराने गुळगुळीत केल्या. मी शेजारी उभा होतो. मी पट्टा धरला.

पालखी विहिरीच्या वळणावर आली तेव्हा मी पालखीबरोबरच होतो. आय तिथे उभी होती. दृष्टी गेल्यातच जमा. तिला दिसत होता तो एक चमकणारा आकार, आणि शिरस्त्राणाच्या आत कोण आहे हे तर डोळसांनाही दिसत नव्हते. तिला बदल कोणी सांगितला नव्हता. ती काठी वर करून ओरडली, "सुदाकर! आरं हळू चाल, पाय बग!" आणि शेजारच्या बाईला म्हणाली, "चालीवरनं वळखला मी."

गायकवाड तिच्या मागे, हाताच्या अंतरावर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि ओठांवर बोट ठेवले.

ती त्याच वर्षी पावसाळ्यात गेली. तिच्या मुलाने तिला शेवटपर्यंत खरे सांगितले नाही. त्यांचे खोटे आणि माझे खोटे—दोन्ही एकाच कवचाविषयी. मी अनेक रात्री ही दोन खोटी शेजारी ठेवून पाहिली आहेत. ती शेजारी राहत नाहीत.

या गोष्टीला एक तप उलटून गेले. त्या श्लोकाची मात्र वाढ होत आहे. बैठकीत तो दर वर्षी कोणीतरी म्हणतो. शेजारच्या गावातल्या तरुण उपाध्यायांनी त्यावर माझ्यासमोरच विवरण केले, आणि मी ते ऐकून मान हलविली. जपाला बसलो की मंत्राच्या मध्येच तो उपटतो. श्लोक वाईट रचला असता तर विसरला गेला असता.

इतकी वर्षे मी स्वतःला एक समजूत घालीत आलो होतो. लोक विरोध करणारच होते, भर सभेत गायकवाडांचा अपमान झाला असता, मी तो टाळला. गोड बोलून, शास्त्राच्या आडोशाने, पण मित्राला वाचविले. ही समजूत मला पुरत असे. गेल्या वर्षी बापू सहज म्हणाले, "गुरुजी, तेव्हा तुम्ही तो श्लोक म्हटलात म्हणून. नाहीतर आम्ही सगळे आधीच ठरवून आलो होतो. गायकवाड सरच घालणार, यात कोणाचंच दुमत नव्हतं. तुम्हाला आपलं रीत म्हणून विचारलं."

रीत म्हणून.

मग मी कोणाला भ्यालो होतो? सभामंडपात तर भिण्यासारखे कोणीच नव्हते. उत्तर मला त्या बैठकीतच ठाऊक होते, आणि ते टाळण्यासाठीच आतापर्यंत तुम्हाला इतके फिरविले. आमच्या उत्सवाची आणखी एक रीत आहे, तिचा उल्लेख मी अजून केला नाही. पालखी देवळात परतली की कवचधारी पायरीवर उभा राहतो, आणि त्याचे पाय धुऊन त्यांवर मस्तक ठेवण्याचा मान आमच्या घराण्याचा आहे. माझ्या वडिलांनी तो सांभाळला, त्यांच्यानंतर मी. बापूंनी विचारले त्या क्षणी मला ती पायरी दिसली, पाण्याचा तांब्या दिसला, आणि माझे पांढरे मस्तक वाकलेले दिसले.

चहा चालत होता. अंगाला टेप लावून माप घेणे चालत होते. खोबरेल चोळणे चालत होते.

गायकवाडांच्या पायांवर डोके ठेवणे मला नको होते. शास्त्राला चालत होते, गावाला चालत होते. मला नको होते.

जावयाचे पाय मी धुतले, आणि वाकलो. गायकवाड गर्दीत उभे राहून पाहत होते.