परत येणारे फ्रॉक

"काय हो भाऊ, तुम्हाला दुसरं दार दिसत नाही का? आलात सकाळी सकाळी माझाच माल माझ्या गळ्यात मारायला!"

"मी कुठं मारतोय, ताई? लोक परत करतात, मी उचलून आणतो. सही करा."

पार्सलवाल्यानं उंबऱ्यापाशी थैली उपडी केली. पुडक्यांचा ढीग पडला. सगळी ओळखीची, टाकेवालीनं स्वतःच्या हातानं चिकटपट्टी लावून धाडलेली.

टाकेवाली हे तिला गल्लीनं ठेवलेलं नाव. नवरा गेला आणि घर शिलाई मशीनवर आलं. लहान मुलींचे फ्रॉक शिवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. गल्लीतली पोर समोर उभी करायची, फ्रॉक अंगात घालून बघायची, काखेत गुदगुल्या करायची, मगच शेवटची टीप मारायची. पुढं सून आली. मोबाइलात तरबेज. तिनं ॲपवर दुकान मांडलं आणि फ्रॉक कुठल्या कुठं जायला लागले. सासू-सुनांचं झकास चाललं होतं. पण मागच्या महिन्यापासून हे रिटर्नचं भूत मानगुटीवर बसलं. कारण बघावं तर ॲपवर एकच रडगाणं, मापात बसत नाही. काल तर निरोपच आला, की या महिन्यात रिटर्न घटले नाहीत तर दुकान बंद. सगळ्या घराचं पोट त्या दुकानावरच होतं.

"मापात बसत नाही म्हणे! छाती बरोबर, उंची बरोबर. तुम्हीच बघा."

खिडकीशी लाकडी पुतळा उभा होता, सुनेनं फोटोसाठी आणलेला; हल्ली फ्रॉक घालून बघायचा तोही त्याच्यावरच. त्याच्या अंगावर फ्रॉक असा बसलेला, की बघत राहावं.

पार्सलवाला भिंतीला टेकला. "ताई, एक बोलू? रागावणार नसाल तर."

"रागावलेलीच आहे. बोला."

"आता ज्या घरातनं हा उचलला ना, तिथं पोरगी भोकाड पसरून उभी होती. फ्रॉक कपाळावर अडकलेला. आई वर ओढतेय, बापानं पोरीची कंबर धरलीय. मला म्हणतात, थांबा जरा, निघाला की देतो! परवा दुसऱ्या घरीही हीच तऱ्हा. तुमच्या पुतळ्याचं काय, त्याला मुंडकंच नाही."

टाकेवालीनं पुतळ्याकडं पाहिलं. मग सुनेकडं. सुनेनं जीभ चावली.

"आई, पाठीची बटणं मीच काढायला लावली. फोटोत जुनाट दिसतात म्हणून."

"आणि मी काढली! तू पोर आहेस. माझी अक्कल कुठं चरायला गेली होती?" म्हणता म्हणता टाकेवालीला हसू फुटलं, ते आवरेना. ती बसली मशीनच्या स्टुलावर, पदरानं डोळे पुसत. "महिनाभर तुम्हाला शिव्या मोजतेय हो भाऊ. कधी पाणी विचारलं नाही."

"शिव्या पचतात, ताई. पाणी मात्र चालेल."

सुनेनं तांब्या आणला. पार्सलवाला घटाघट पाणी प्यायला.

"घरी मुलगी आहे का? चांगला फ्रॉक शिवते."

"दोन्ही मुलगे. द्यायचंच असेल तर हा खिसा शिवा. पावत्या गळतात."

"काढा शर्ट."

"इथं?"

"मग असेच उभे राहा. हलू नका, सुई टोचेल."

त्याच्या छातीशी वाकून तिनं खिसा असा पक्का शिवला, की शर्ट फाटला असता पण खिसा सुटला नसता. दोरा दातानं तोडला. "दुकान वाचलं तर तुमच्यामुळं. हे मी ॲपवाल्यांनाही सांगेन."

"त्यांना नका सांगू. मला हजार कामं लावतील."

तो थैली झटकून गेला. सून दारातच ॲपवरचे जुने फोटो उतरवायला बसली, आणि फ्रॉक घालून बघायला शेजारची कुणाची पोर मोकळी आहे का, ते तिनं तिथूनच हाक मारून विचारलं. टाकेवालीनं ढिगातलं वरचं पुडकं फोडलं, फ्रॉक मांडीवर पालथा घातला, आणि पाठीवर मधोमध कात्री चालवली. मग बटणांसाठी काजाची पट्टी कापायला घेतली.