दहा दिवसांची मुदत

वर्ना होल्कोमच्या बंदुकांच्या दुकानात डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी जेवढी गर्दी झाली, तेवढी तिने छत्तीस वर्षांत पाहिली नव्हती. एक जानेवारीपासून राज्यात नवा कायदा लागू होणार होता. आजवर गिऱ्हाइकाने अर्ज भरला, वर्नाने चौकशीसाठी फोन लावला आणि तिकडून होकार आला, की माणूस हत्यार घेऊन दाराबाहेर पडायचा. यापुढे होकार आल्यावरही दहा दिवस थांबावं लागणार होतं.

"दहा दिवस!" रांगेतला एक जाडगेला शेतकरी ओरडला. "अरे, एवढ्यात माझी बायकोसुद्धा माझ्यावरचा राग विसरते."

"म्हणूनच केलाय कायदा," काउंटरमागून एमेट म्हणाला. एमेट दुकानातला जुना माणूस, सत्तरी ओलांडलेला, तोंडाने फटकळ. "तुझी बायको बंदूक घ्यायला आली तर निदान दहा दिवस वाचशील."

सगळे हसले. वर्नाही हसली. कायद्याच्या विरोधात तिने स्वतः सह्या गोळा केल्या होत्या. नोव्हेंबरात डोंगर ओलांडून, सहा तास गाडी चालवून ती राजधानीत गेली होती आणि आमदारांच्या समितीपुढे ताठ उभी राहून म्हणाली होती, "मी माझ्या गिऱ्हाइकांना ओळखते. माणूस पारखायला मला दहा दिवस लागत नाहीत, दहा मिनिटं पुरतात." ते वाक्य गावच्या वर्तमानपत्रात तिच्या फोटोखाली छापून आलं होतं.

दुपारी तीनच्या सुमारास रॉइस टॅकेटचा नंबर आला. धान्याच्या कोठारांची यंत्रं दुरुस्त करणारा रॉइस दर वर्षी बदकांच्या मोसमात काडतुसं न्यायला यायचा. एक खोका घ्यायला अर्धा तास लावणारा माणूस. चार बंदुका हातात घेऊन बघणार, भावावरून हुज्जत घालणार, एमेटला एखादी थाप ऐकवणार आणि मग जाणार. त्या दिवशी त्याने काचेखालच्या पहिल्याच पिस्तुलावर बोट ठेवलं.

"हे द्या."

"हातात धरून तर बघ," वर्ना म्हणाली.

"नको. आजच मिळेल ना, मिसेस होल्कोम? आज नेता येईल ना?"

"तिकडून होकार आला तर नेशील."

तो हसला. हसण्यासारखं कोणी काहीच बोललं नव्हतं. अर्ज त्याने सुवाच्य अक्षरात, शाळेतल्या पोरासारखा ओळीवर ओळ ठेवून भरला. कोर्टाने कुणापासून लांब राहायला सांगितलंय का, या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं. ते खरंच होतं. त्याची बायको कॉरिन नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुमारास घर सोडून गेली होती हे गावाला ठाऊक होतं. त्याला लांब ठेवावं म्हणून तिने कोर्टात अर्ज केलाय आणि त्याची सुनावणी जानेवारीत आहे हे मात्र वर्नाला ठाऊक नव्हतं. चार मिनिटांत होकार आला.

वर्नाच्या मनात पाल चुकचुकली. एमेटनेही तिच्याकडे पाहिलं आणि भुवई उडवली. विकायचं नाही म्हणायला कायद्याची आडकाठी नव्हती. दुकानदार कुणालाही परत पाठवू शकतो. पण मागे चौदा जण उभे होते. आणि काय सांगणार? हा आज भाव करत नाही, म्हणून देत नाही? चार लोकांत बोललेलं ते वाक्यही होतंच. तिने पिस्तुलाचा खोका पुढे सरकवला.

"थँक्यू, मॅडम," रॉइस म्हणाला. आजवर त्याने तिला कधी मॅडम म्हटलं नव्हतं.

नवव्या दिवशी, सोमवारी सकाळी, दुकानाचा फोन वाजला. हत्यारांचा माग काढणाऱ्या सरकारी कचेरीतून एक बाई बोलत होती. सपाट आवाजात तिने पिस्तुलाचा नंबर एकेक आकडा करून वाचला आणि विचारलं, हे कुणाला विकलं? असे फोन वर्षा-दोन वर्षांत एखादा यायचा. काय घडलं ते ती माणसं कधी सांगत नाहीत. वर्नाने अर्जांचा गठ्ठा काढला. त्या शनिवारच्या कागदांत तो सापडला. तिने रॉइस टॅकेटचं नाव वाचून दाखवलं.

काय घडलं ती बातमी दुपारी एमेटने आणली. रविवारी सकाळी कॉरिन आपल्या भाड्याच्या घरात नाश्ता करत होती. रॉइसने बंद दारातून चार गोळ्या झाडल्या. एक तिच्या दंडातून आरपार गेली. पिस्तूल अंगणातल्या बर्फात टाकून तो ट्रक घेऊन पळाला. बदकं मारायची त्याची बंदूक ट्रकमध्येच होती.

"जगली ना?" वर्नाने विचारलं.

"जगली. तो सापडला नाही."

मग एमेट बराच वेळ एकच काच पुसत राहिला. आज दहावा दिवसही उजाडला नव्हता, हे दोघांच्याही मनात होतं.

गुरुवारी दार उघडून कॉरिन आत आली. हात गळ्यात अडकवलेला, चेहरा पांढराफटक. बत्तीस-तेहतीसची बाई, पण चालणं म्हातारीसारखं.

"मला पिस्तूल हवंय, मिसेस होल्कोम. एका हाताने चालवता येईल असं."

वर्नाने अर्ज पुढे केला. कॉरिनने डाव्या हाताने वेडावाकडा भरला. होकार आला. मग वर्नाला सांगावंच लागलं.

"दहा दिवसांनी मिळेल, कॉरिन."

"दहा दिवस? तो बाहेर फिरतोय!"

"कायदा बदललाय गं."

"त्याला किती दिवस लागले होते?"

एमेट मागच्या खोलीत निघून गेला.

"त्याच दिवशी दिलं," वर्ना म्हणाली.

कॉरिनने अर्जाची पावती घडी करून खिशात ठेवली. शेरीफच्या ठाण्यातला पोलीस दिवसातून दोनदा घरावरून चक्कर मारतो, म्हणाली. बाकीचा वेळ ती दारापुढे कपाट सरकवून बसते.

त्या संध्याकाळी वर्नाने दुकानाच्या किल्ल्या एमेटकडे दिल्या, स्वतःची बंदूक गाडीत ठेवली आणि कॉरिनच्या घरी जाऊन थडकली. "हत्यार मला तुला देता येत नाही," ती दारातच म्हणाली. "पण मी ते घेऊन इथे बसले तर मला कोण उठवणार?"

तिसऱ्या दिवशी सूप पिताना कॉरिनने विचारलं, "विकत घेताना कसा दिसत होता तो?"

वर्नाला खोटं बोलता आलं असतं. "काहीतरी बिनसलंय, हे मला दिसलं होतं," ती म्हणाली. "तरी दिलं."

कॉरिन वाडगा तसाच टाकून उठली आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. दोन दिवस ती वर्नाशी एक शब्द बोलली नाही. पण निघून जा असंही म्हणाली नाही. कॉफी मात्र दोघींची करायची.

सातव्या दिवशी सकाळी ताज्या बर्फात चाकांच्या खुणा दिसल्या. टपालपेटीपर्यंत आलेल्या, तिथे थांबलेल्या, आणि परत वळलेल्या. शेरीफच्या माणसाने फोटो काढले, ट्रकचीच चाकं दिसतात म्हणाला आणि निघून गेला. त्यानंतर दोघी खिडकीजवळून उठल्या नाहीत. वाऱ्याने पत्रा वाजला तरी वर्नाचा हात बंदुकीवर जायचा. या हातांनी तिने हजारो बंदुका विकल्या होत्या. भीतीपोटी बंदूक धरायची वेळ मात्र तिच्यावर कधी आली नव्हती.

मुदत संपली त्या सकाळी दुकान उघडायच्या वेळेआधीच दोघी दारात उभ्या होत्या. वर्नाने पिस्तूल दिलं, डाव्या हाताची पकड दाखवली. कॉरिन आठवडाभरात आपल्या बहिणीकडे दुसऱ्या राज्यात राहायला गेली. तिने कुणाला पत्ता दिला नाही.

रॉइस फेब्रुवारीच्या मध्यावर शेजारच्या राज्यात, शिकाऱ्यांच्या एका रिकाम्या खोपटात सापडला. पायाची बोटं थंडीने काळी पडली होती. हात वर करून बाहेर आला आणि पोलिसांकडे त्याने आधी कोरडे मोजे मागितले. त्याला एकवीस वर्षांची शिक्षा झाली.

मार्चमध्ये एक अनोळखी तरुण दुकानात आला. नीटनेटका, बोलायला मवाळ. त्याची चौकशी स्वच्छ निघाली, दहा दिवस तो निमूट थांबला आणि ठरल्या दिवशी पिस्तूल न्यायला आला. वर्ना त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने पैसे परत केले.

"नाही देत."

"का? माझ्यात काय खोट आहे?"

"सांगता येत नाही."

"बाई, डोकं फिरलंय तुमचं," तो शांतपणे म्हणाला, "पुढच्या गावात तीन दुकानं आहेत."

वर्ना दारापर्यंत त्याच्यामागे गेली. त्याची गाडी गव्हाच्या उघड्या शेतांमधून पूर्वेकडे, पुढच्या गावाच्या दिशेने गेली.

"काय दिसलं तुला त्याच्यात?" मागून एमेटने विचारलं.

"काहीच नाही," ती म्हणाली. "दहा मिनिटं बघूनही काही कळलं नाही."