साडूभाऊंची चिन्नोर

जी वस्तू दाताखाली धरून पाहता येत नाही, ती या जगात खरोखर आहे की नाही याबद्दल माझे साडूभाऊ कायम साशंक असतात. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान तुमसरचे. उभी हयात त्यांनी तिथल्या एका राइस मिलसाठी धान पारखण्यात घालवली. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन येवो की बैलबंडी, साडूभाऊ पोत्यात हात घालणार, मूठभर धान तळहातावर चोळणार, फुंकर मारून फोलपट उडवणार आणि एक दाणा दाढेखाली धरणार. ‘कट्’ वाजलं तर धान वाळलेलं, नुसतंच दबलं तर ओलं. त्या एका दाण्यावरून ते धान कुठल्या गावचं, बांधीला (म्हणजे धानाच्या वाफ्याला) पाणी कुठल्या तलावाचं आणि कापणीच्या दिवशी शेतकऱ्याचं घरात भांडण झालं होतं की नाही, एवढं सगळं सांगत. यातलं शेवटचं कधीच चुकलं नाही. कारण कापणीच्या दिवशी भांडण न झालेलं घर आमच्या भंडारा जिल्ह्यात अजून सापडायचं आहे.

आता धंदाच दाढेचा असला तर घरी आल्यावर दाढ खुंटीला थोडीच टांगून ठेवता येते! ते चंदनाची खोडं चावून पाहतात, नवी पेन्सिल चावून पाहतात. मी नवा मोबाइल घेतला तेव्हा तो त्यांना दोन्ही हातांनी घट्ट धरून लांबूनच दाखवला. त्यांच्या लग्नातली गोष्ट तर आमच्या सासरी अजून सांगतात. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं रंगात आलेली, आणि एक अक्षता नवरदेवाच्या मुंडावळीवरून घसरत ओठापाशी आली. दुसरा कुणी असता तर फुंकून टाकली असती. यांनी ती चावली आणि भर मांडवात सासऱ्यांना हाक मारली, “मामाजी, तांदूळ कोठून आनला जी? नवा हाये हा! याचाच भात शिजवला असंल तं लोकाइची पोटं दुखतीन!” भटजी दचकले, कुठवर आलो ते विसरले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. त्यामुळे ताई, म्हणजे माझ्या मेहुणीबाई, आजही म्हणतात की बाकीच्या बायकांचं लग्न एकदा लागतं, माझं सलग दोनदा लागलं, म्हणून तर सुटका नाही.

पण चावण्यापेक्षाही विलक्षण अशी त्यांची दुसरी सवय म्हणजे न सांगणं. धानाच्या बाजारात एक रीत असते. माल आणणारा मालाबद्दल बोलत नाही. तो पोतं उघडून बाजूला उभा राहतो, गमछाने घाम पुसतो आणि आभाळाकडे पाहतो. पारखणाऱ्यानं आपल्या हातानं, नाकानं, दातानं काय ते ओळखावं. एखादा नवखा “माल एकदम चांगला हाये साहेब” असं म्हणाला की साडूभाऊ ते पोतं तळापर्यंत उपसायला लावत. “ज्याले जास्त बोला लागते ना मास्तर,” ते मला सांगत, “त्याच्या पोत्यात खाली काही तरी असते.” (मी शाळेत मास्तर होतो. निवृत्त होऊन भंडाऱ्याला राहू लागलो तरी त्यांच्या लेखी मी मास्तरच.) ही रीत त्यांनी बाजारापुरती ठेवली असती तर हे लिहायची वेळ आली नसती. ते दवाखान्यातही तसेच वागत. डॉक्टरसमोर बसायचं, हात पुढे करायचा आणि आढ्याकडे पाहायचं. “काय होतंय?” असं डॉक्टरनं विचारलं की यांचं उत्तर एकच, “पाहा.” आपण आपला रोग सांगितला तर मग डॉक्टरची पारख ती काय राहिली? एकदा दाढ दुखत असताना ते असेच बाणेदारपणे गप्प बसले आणि दोन्ही कान स्वच्छ धुऊन घेऊन परत आले. वर म्हणाले, “आयकू छान येऊन राहिलं.”

अशा या माणसाच्या घरी चिन्नोर आली. चिन्नोर म्हणजे आमच्याकडचा बारीक, सुवासिक तांदूळ. आणि ही चिन्नोर म्हणजे त्याच रंगाची, तशीच सडपातळ मांजर. मिलच्या गोदामात ती उंदरांच्या बंदोबस्ताला होती. तिच्या पराक्रमाचं काय सांगावं! तिच्या भीतीनं तुमसरचे उंदीर मालगाडीत बसून गोंदियाला निघून गेले असं म्हणतात, आणि गोंदियाच्या लोकांनी ते कधी नाकारलेलं नाही. पुढे मिलमध्ये धानाचा ओलावा मोजायचं यंत्र आलं. चिमूटभर दाणे टाकले की आकडा दाखवणारं. साडूभाऊंनी ते यंत्रही चावून पाहिलं असणार, पण त्याचा उपयोग झाला नाही. ते घरी बसले आणि येताना चिन्नोरला कडेवर घेऊन आले. “ज्यायनं इमानानं काम केलं, त्यायनं आता बसून खावं,” असं त्यांनी जाहीर केलं. दोघांपैकी कोणाबद्दल ते बोलत होते, हे ताईंनी विचारलं नाही.

मग जे लाड सुरू झाले! चिन्नोरनं उंदराकडे पाहणंही आता तिच्या इभ्रतीला शोभणारं नव्हतं. रोज सकाळी तलावावरची मासळीवाली दारात यायची आणि साडूभाऊ टोपलीतली सर्वांत तुकतुकीत बारीक मासळी निवडून घ्यायचे. ती तशीच, कच्ची, चिन्नोरच्या ताटलीत. ताई म्हणायच्या, “अवो, उकडून तरी देत जा.” त्यावर हे उखडायचे, “उकडली का तिची चव पाण्यात जाते! तुले समजते का काही?” जोडीला भात. तोही साधा नाही; मिलमधून दोनदा पॉलिश करून आणलेला, चांदण्यासारखा पांढरा, आणि धुतलेलं पाणी आरशासारखं नितळ होईपर्यंत धुतलेला. घरातली माणसं जाडाभरडा तांदूळ खायची. एकदा मी जेवायला गेलो तेव्हा चिन्नोरच्या ताटलीकडे पाहून मला माझ्या जन्माचा क्षणभर पश्चात्ताप झाला.

आणि यंदा थंडी सरता सरता चिन्नोर आजारी पडली. आधी तिनं ताटलीकडे पाठ फिरवली. मग चालताना ती लग्नाच्या वरातीतल्या काकांसारखी झोकांड्या खाऊ लागली. मान पुढे लोंबली, हनुवटी छातीला टेकली. डोळ्यांची बुबुळं एवढी मोठी झाली की पिवळा रंग दिसेना, नुसता काळोख. साडूभाऊंनी आपल्या पद्धतीनं तपासणी केली. तिचं टाळकं हुंगलं, पंजे दाबले आणि शेवटी तिची शेपूट हलकेच दाताखाली धरून पाहिली. ही अतिशयोक्ती नाही. ताईंनी डोळ्यांनी पाहिलंय. मिलमधल्या दिवसांत तिच्या शेपटीला नुसता हात लावणाऱ्या हमालांची मनगटं ओरबाडून निघालेली होती. आता ती हललीसुद्धा नाही. साडूभाऊंनी शेपूट सोडली आणि तिला दवाखान्यात न्यायला झाकणाची टोपली शोधायला घेतली.

गावात निदानांची कमतरता नव्हती. शेजारीण म्हणाली नजर लागली, हमाल म्हणाले कुणीतरी काठी मारली, आणि पलीकडचा किराणावाला म्हणाला विष, कारण त्याला प्रत्येकच गोष्टीत विष दिसतं. खरे डॉक्टरही झाले. एकानं जंताचं औषध दिलं. दुसऱ्यानं कानाचा संसर्ग धरून सुया दिल्या. तिसऱ्यानं रक्त तपासून घेतलं. त्यात काही निघालं नाही, तेव्हा त्यानं बिचाऱ्यानं प्रामाणिकपणे हात जोडले. यात त्यांचा काय दोष? प्रत्येकासमोर साडूभाऊंनी टोपलीचं झाकण उघडलं होतं, बाजूला उभे राहिले होते आणि “पाहा” म्हणून आभाळाकडे नजर लावली होती.

मग एका सकाळी ते एस.टी.नं भंडाऱ्याला माझ्या दारात हजर. टोपली छातीशी धरलेली, दाढी वाढलेली. “मास्तर,” ते म्हणाले, “कोनी चांगला पारखी पाहा.” पाणीही प्यायला थांबले नाहीत. मी त्यांना आमच्या भागात नुकताच जनावरांचा दवाखाना उघडलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंकडे नेलं. टेबलावर टोपली ठेवली. चिन्नोरची मान लोंबत होती आणि मध्येच तिच्या अंगातून एक झटका गेला.

“काय झालं हिला?” बाईंनी विचारलं.

“पाहा,” साडूभाऊ म्हणाले.

“कधीपासून?”

“पाहल्यावर समजंल तुमाले.”

“खायला काय देता?”

“चांगलं.”

“चांगलं म्हणजे काय?”

“एक नंबर.”

बाईंनी कानातली नळी काढली. माझ्याकडे पाहिलं. मी गडबडीनं खुलासा केला की हे तुमसरचे, मिलमध्ये धान पारखायचे, बाजारात बोलायची रीत नसते, वगैरे. मला वाटलं बाई हसतील. त्या हसल्या नाहीत. स्टूल ओढून साडूभाऊंच्या समोर बसल्या आणि त्यांची बोलीच बदलली.

“काका, मी लाखनीकडची. माहे बाबा धान घेऊन याचे तुमसरले. पोतं खोलून असेच उभे राहाचे, तोंडातून शब्द नाई. तुमच्यासारख्याच कोनी दाना चावला असंल त्यायचा. पन धान येगळं आन जीव येगळा. धानाची पारख चुकली तं भाव चुकते. हे मांजर बोलत नाई, तुमी बोलत नाई, मंग मी काय या टेबलाले इचारू? तिच्यापाशी जास्त येळ नाई आता. बोला.”

साडूभाऊंनी सवयीनं वर पाहिलं. तिथे पंखा होता. पंख्यावरून त्यांची नजर खाली चिन्नोरवर आली; आणि मग, माझ्या उभ्या आयुष्यात मी पहिल्यांदा पाहिलं, ते बोलायला लागले. बोलले म्हणजे काय, तलावाची पाळ फुटावी तसे! गोदामातल्या उंदरांपासून सुरुवात केली. ती कोणत्या कुशीवर झोपते, दुधावरची साय का खात नाही, ताईंनी तिला एकदा झाडू दाखवला तेव्हा ती किती वेळ रुसली होती, ओलावा मोजायचं यंत्र कसं मेलं खोटं बोलतं, दोनदा पॉलिश, नितळ पाणी, तलावावरची मासळीवाली, टोपलीतली तुकतुकीत…

“थांबा,” बाईंनी हात वर केला. “मासळी कच्ची?”

“कच्चीच. ताजी.”

“रोज?”

“रोज म्हंजे रोज! नागा नाई केला कधी. मासळी आन भात, दुसरं तं देतच नाई काही. उंदीर बंद केले मी तिचे.”

बाई उठल्या आणि कपाटाकडे गेल्या. सुई भरता भरता त्यांनी समजावलं. काही जातीच्या कच्च्या मासळीत असं काही तरी असतं की ते शरीरातलं एक जीवनसत्त्व, बी-वन, खाऊन टाकतं. मासळी शिजवली की ते मरतं. तेच जीवनसत्त्व तांदळाच्या वरच्या कोंड्यातही असतं, पण तो यांनी दोनदा घासून काढलेला. उरलंसुरलं धुण्याच्या पाण्यात. “उंदीर खात होती तोवर तिले सारं भेटत होतं.”

साडूभाऊंनी चिन्नोरच्या लोंबत्या मानेखाली हात धरला. “म्हंजे… मीच?” 

“लाडानं, काका,” बाई म्हणाल्या. “हेच असंल तं एक-दोन दिवसांत फरक दिसंल. नसंल तं मंग मी खोटं नाई बोलत, माह्यापाशीबी उपाय नाई.”

त्या दिवशी ते माझ्याच घरी राहिले. खाटेवर मांडी घालून बसले, चिन्नोरला मांडीवर घेतलं आणि हलले नाहीत. माझ्या बायकोनं ताट आणलं, ते तसंच परत गेलं. संध्याकाळी पुन्हा सुई झाली. मी अधूनमधून काही विनोद करून पाहिला, पण माझे विनोद एरवीही त्यांना ओलेच वाटतात.

सकाळी मी चहा गाळत होतो आणि आतून अशी किंकाळी आली की माझ्या हातातली गाळणी शेजाऱ्यांच्या अंगणात गेली. मी धावलो. साडूभाऊ उभे होते, मनगटापासून कोपरापर्यंत रक्ताच्या रेघा, आणि चेहऱ्यावर असं हसू, जसं मी त्यांच्या लग्नाच्या फोटोतही पाहिलेलं नाही. खाली चिन्नोर मान ताठ करून, शेपूट फुलवून, डोळ्यांत पुन्हा पिवळं तेज आणून उभी होती.

“ओरबाडलं!” ते ओरडले. “मास्तर, पाहा किती खोल ओरबाडलं! अवो, पाहा ना!” त्यांनी तो हात माझ्या बायकोला दाखवला, दूधवाल्याला दाखवला आणि दवाखान्यात बाईंना दाखवला. बाई औषध लावायला लागल्या तर लावू देईनात. “राहू द्या जी, तुमसरले जाऊन दाखवाचं हाये.”

तेव्हापासून चिन्नोर ठणठणीत आहे. तिला आता उकडलेली मासळी, अंडं, काळीज असं बाईंनी ठरवून दिलेलं मिळतं, आणि उंदीर ती स्वतःच्या जबाबदारीवर खाते. साडूभाऊ बाईंना वरचेवर फोन करून न विचारलेलंही सगळं सांगतात. मला वाटतं बाई तो फोन टेबलावर ठेवून दोन-तीन रुग्ण तपासून घेत असाव्यात.

परवा मी तुमसरला गेलो होतो. साडूभाऊ ओसरीत खाटेवर मांडी घालून बसले होते. चिन्नोर समोरच्या घराच्या कौलांवर ऊन खात पसरली होती, आमच्याकडे पाठ करून. साडूभाऊंनी एकदा “चिन्नोर” म्हणून हाक मारली. तिनं फक्त एक कान हलवला.

“बिमार होती तं माह्या मांडीवरून उठत नव्हती,” ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, “बरं हाये. तेथंच बसू दे.”

आम्ही बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो. ताईंनी चहा आणला. पाय आखडले असतील, जरा मोकळे करून बसा, असं मी दोनदा म्हणालो. “राहू द्या,” ते म्हणाले आणि कौलांकडे पाहत तशीच मांडी घालून बसून राहिले.