भर समुद्रात रुसलेला जावई

आमच्या मंगरूळपीर तालुक्यात समुद्र नाही.

लग्न होईपर्यंत ही उणीव मला कधी जाणवली नव्हती. पाणी प्यायला विहीर होती, पोहायला तलाव होता (मला पोहता येत नव्हतं, पण तो काही तलावाचा दोष नव्हे). मग लग्न झालं, पाठोपाठ पहिलाच अधिक महिना आला आणि सासुरवाडीहून, म्हणजे शिरपूरहून, धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलं. गळ्यात उपरणं टाकून मी निघालो. महिनाभर जावयाची बडदास्त ठेवायची आणि शेवटी तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, असा हा थाटाचा महिना. ज्याने कुणी तो शोधून काढला तो नक्कीच कुणाचा तरी जावई असणार!

पण सासूबाईंच्या, म्हणजे मामीजींच्या उरात धडकी भरली होती. त्याला कारण माझे थोरले साडू. त्यांच्या पहिल्या अधिकात वाणातला एक अनारसा फुटका निघाला. साडूसाहेब ताटावरून उठले, जोडे घातले आणि चालते झाले. तेव्हापासून त्यांनी बायकोला माहेरची पायरी चढू दिली नव्हती. एका अनारशापायी मामीजींची थोरली लेक तुटली होती आणि आता धाकट्या कौसल्येचा नवरा, म्हणजे मी, समोर पाटावर बसलो होतो.

मामीजी हात जोडून म्हणाल्या, "जवाई, मले दुसरी पोरगी नाई गमवाची. काय पाह्यजे ते मोकळ्या मनानं मांगा!"

मला सायकल पाहिजे होती. पण जावयाने एकदम सायकल मागणं बरं दिसत नाही. आधी काहीतरी अशक्य मागावं, त्यांनी हळहळावं आणि मग सायकलवर तडजोड व्हावी, असा बेत मी स्वतःच्या अकलेने आखला. मी म्हणालो, "मले काई नको. फक्त एक डाव समुद्रातून द्वारकेले जावं वाटते."

सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, मांडीवर थाप मारली. "जाऊ! त्यात काय हाय? सारेच जाऊ!"

मामीजींनी त्यावर कळस चढवला. "मंग वाण बी तिथंच देतो, देवाच्या दारात! अधिक सराच्या आत!"

सायकलचं नाव निघालं नाही ते नाहीच.

लढाईचे दिवस होते. आगबोटी सरकारने कामाला जुंपलेल्या. मामाजींचा कापूस घेणाऱ्या एका दलालाने मुंबईला ओळख काढली आणि तांदळाची पोती घेऊन काठेवाडाकडे निघालेल्या एका गलबतावर आम्हां चौघांची सोय झाली. गलबत मी पहिल्यांदाच पाहत होतो. लाकडाची एक लांबोडकी काहील, मधोमध एक डोलकाठी आणि तिला एक शीड. बस्स! आमचं सामान मात्र त्याहून मोठं दिसत होतं. गाद्या, ज्वारीचं पोतं, लोणच्याच्या बरण्या आणि चक्क एक दगडी जातं!

"मामाजी, जातं कायले?" मी विचारलं.

"परमुलखात पीठ कोन देते बावा?"

आणि या सगळ्यात जिवापाड जपलेला, फडक्यात बांधलेला पितळी डबा. त्यात तेहतीस अनारसे. मामीजी तो नजरेआड होऊ देत नव्हत्या. फुटका निघू नये म्हणून मध्ये कापूस भरला होता, तोही सरकी काढलेला.

किनारा दिसेनासा झाला आणि मामाजींचं गलबत हाकणाऱ्या तांडेलाशी पहिलं भांडण झालं. वारा समोरून होता, म्हणून तांडेल गलबत आधी तिरकं डावीकडे न्यायचा, मग तिरकं उजवीकडे. मामाजींनी बराच वेळ सहन केलं.

"ओ तांडेल, द्वारका त्या अंगाले हाय ना? मंग इकडं काहून चालले?"

"सेठ, हवा सामने से है."

"हवा सामने से है तो काय झालं? आमी बी हवा सामने से असली तरी गाडी हाकतो. रस्ता नाई सोडत!" मग माझ्याकडे वळून, "वावरात पाभर फिरवल्यावानी फिरवून राह्यला हा. भाडं वाढवाची तऱ्हा हाय ही!"

मी उत्तर दिलं नाही. देणं शक्यच नव्हतं. गलबत वर जात होतं, खाली येत होतं आणि माझं पोट नेमकं उलट्या दिशेने जात होतं. तोंड उघडलं की शब्दांच्या आधी काय बाहेर येईल याचा नेम नव्हता. म्हणून मी ओठ घट्ट आवळून मागच्या टोकाला, समुद्राकडे तोंड करून बसलो.

मामीजी भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या. मी मान हलवून नको म्हटलं. त्यांनी तूप वाढलं. मी डोळे मिटले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. परत जाऊन त्या मामाजींच्या कानात, पण सगळ्या समुद्राला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अवो, जवाई रुसले!"

आमच्याकडे जावई जेवत नाही याचा दुसरा अर्थच होत नाही! पोट बिघडू शकतं हे कुणाच्या ध्यानीमनी येत नाही. मामाजी लगबगीने आले. "जवाई, काई चुकलं का आमचं?"

मी गप्प.

"धोतरजोडा हलका वाटला का? दुसरा घेऊ, नागपुरी!"

मी गप्प. (तेवढ्यात एक लाट आली होती.)

"बरं, कपिला गाय तुमची! वासरासकट!"

मी हाताने 'नाही, नाही' अशी खूण केली. मामाजींनी ती 'एवढ्यावर नाही' अशी घेतली. मामीजी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "बैलजोडी द्या, अवो! पोरीपक्षा बैल मोठे हायेत का?"

दुपारपर्यंत मी गाय, बैलजोडी आणि नाल्याकाठच्या वावरातल्या संत्र्याच्या दोन ओळींचा मालक झालो होतो. आयुष्यात तोंड बंद ठेवून मी इतकी कमाई पुन्हा कधीच केली नाही. कौसल्या मात्र जवळ आली आणि दातांवर दात ठेवून पुटपुटली, "अवो, माय रडून राह्यली माही! तुमाले लाज वाटते का नाई? काय पाह्यजे ते सांगून मोकळे व्हा न!"

मला लाज वाटत होती. मला लिंबूही पाहिजे होतं. दोन्ही सांगता येत नव्हतं.

शेवटी मामाजींनी गलबताची नीट पाहणी केली आणि त्यांना माझ्या रुसव्याचं कारण सापडलं. त्यांनी कपाळावर हात मारला.

"अवं, जवाई मांगं बसले! अन् मांगं सारं वझं! पाह्यनं, तोंड कसं वर उचलून राह्यलं. गाडी उलार हाय ही! उलार गाडीत बसलं का मानसाचं आंग मोडतेच. जवाई कायचे खुश राह्यतीन?"

बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की जू वर उचलतं, बैलांना फास बसतो आणि गाडीत बसलेल्याची हाडं खिळखिळी होतात. त्यावर उपाय एकच, ओझं पुढे सरकवायचं. मामाजींनी आयुष्यभर हेच केलं होतं. बैल नसलेल्या वाहनालाही हाच नियम लागू असणार, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

जेवणं उरकून खलाशी शिडाच्या सावलीत आडवे झाले होते. तांडेल सुकाणू धरून पेंगत होता. मामाजींनी धोतराचा काचा मारला. कापसाचे गठ्ठे उचलणारा गडी तो! बघता बघता तांदळाची पोती पुढे गेली, ज्वारीचं पोतं गेलं, गोड्या पाण्याचं पिंप गडगडत गेलं. जातं मामीजींनी आणि कौसल्येने मिळून ढकललं. मला सगळं दिसत होतं. ओरडायला मी तोंड उघडलं आणि व्हायचं तेच झालं! समुद्रावर ओणवा होऊन मी माझी सकाळ परत करत होतो, तेव्हा मागे मामाजींचा समाधानी आवाज आला, "हं! आता झाली बरोब्बर!"

गलबताने नम्रपणे मान खाली घातली आणि पुढच्या लाटेत ती तशीच खुपसली.

पुढून पाण्याची भिंत आली. "या अल्ला! किसने किया ये?" तांडेल किंचाळला. खलाशी झोपेतून पोहतच उठले. ज्वारी भिजली, लोणच्याची बरणी समुद्रात गेली आणि जात्याची वरची तळी मामाजींच्या पायाला चाटून गेली. मामाजी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून तांडेलालाच दम देत होते, "अरे, बैलं आवर! बैलं आवर!"

खलाशांनी शिव्या घालत पोती मागे ओढली, पाणी उपसलं आणि गलबत एकदाचं सरळ झालं. तेव्हा मामीजी दिसल्या. डोलकाठीला पाठ लावून त्या बसल्या होत्या, मांडीवर पितळी डबा. झाकण उडालं होतं. अनारसे पुरते तेहतीस होते, एकही फुटला नव्हता. पण सगळे समुद्राच्या पाण्यात टम्म फुगून तरंगत होते.

त्या रडत नव्हत्या. नुसत्या डब्याकडे बघत होत्या. "थोरली गेली," त्या हळूच म्हणाल्या, "आता ही बी गेली."

या बाईचा काही गुन्हा नव्हता. एका साडूच्या ऐटीपायी ती माझ्यासारख्या माणसाला भीत होती, ज्याला आमच्या घरची मांजरसुद्धा भीत नाही!

अमावास्येला, अधिक सरायच्या दिवशी, आम्ही द्वारकेला उतरलो. जमीनही हलत होती. मामीजींनी तेच अनारसे उन्हात वाळवले होते, दुसरे आणणार कुठून? देवाच्या दारात दिवा लावून त्यांनी वाण पुढे केलं आणि मान खाली घातली. मामाजी आणि कौसल्या माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी एक अनारसा उचलला, पुरा तोंडात घातला आणि चावला. खारट म्हणजे किती खारट! तांदूळ, गूळ, खसखस आणि अरबी समुद्र! डोळ्यांतून पाणी आलं. मी तो गिळला.

"मामीजी," मी म्हणालो, "असा अनारसा जिंदगीत खाल्ला नाई! मी रुसलो नव्हतो वो, मले गलबत लागलं होतं!"

मामीजी त्याच ठिकाणी ढसाढसा रडल्या. कौसल्या हसली. मामाजींनी मला मिठी मारली आणि कानात म्हणाले, "रुसले नव्हते न? मंग गाय-बैलाचं राहू द्याचं का?"

गाय, बैलजोडी, संत्री, सगळं तिथल्या तिथे परत गेलं. पण माझं बोलणं साडूंच्या गावापर्यंत पोचलं. जावयाने खारट अनारसाही गोड मानून घेतला हे ऐकून साडूसाहेब पुढच्या सणाला स्वतः बायकोला घेऊन आले. त्यांच्या ताटात मामीजींनी साजूक तुपातले, गोड, जाळीदार अनारसे वाढले.

माझ्यासाठी मात्र वेगळी परात येते. आजवर किती अधिक महिने आले आणि गेले, पण मामीजी माझे अनारसे आठवणीने वेगळे भिजवतात, वर मूठभर मीठ घालतात आणि समोर बसून मायेने विचारतात, "जवाई, द्वारकेवानी झाले का?"

आणि मी दरवेळी म्हणतो, "मीठ जरा कमीच पडलं!"