गढीखालची हाक

मी जन्माची भित्री. वीज चमकली की उंबऱ्याच्या आत, कुत्रं भुंकलं की दाराला कडी. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस," असं आमचे हे मला उठता-बसता ऐकवतात. त्यामुळे सिनेमावाले आमची बैलजोडी मागायला आले आणि मी दाराआड झाले, याचं घरात कुणालाच नवल वाटलं नाही.

आमचं गाव ताडकळसच्या अलीकडं. गावाबाहेर मातीची पडकी गढी आहे, तिच्यावर शेळ्यांशिवाय कुणी चढत नाही. तिथं सिनेमा काढायचा होता. परक्या सुभेदाराचा जुलूम सोसून सोसून रयत एक दिवस उठते, अशी चार-पाचशे वर्षांपूर्वीची गोष्ट. शेवटी बंडखोर काय करतात, तर बैलांच्या शिंगांना पेटत्या मशाली बांधतात आणि सगळे बैल सुभेदाराच्या छावणीवर सोडतात. टोपी घातलेल्या एका साहेबानं ओसरीवर बसून, चहा पीत पीत हे सगळं सांगितलं.

"शिंगाला जाळ?" मी आतूनच विचारलं.

"नाही हो ताई. शिंगाला नुसत्या काठ्या बांधायच्या. आग आम्ही नंतर कॉम्प्युटरवर लावतो."

ह्यांनी तोवर मिशीला पीळ देऊन टाकला होता. गावात घरोघर ट्रॅक्टर आले, बैल बोटावर मोजण्याइतके उरले. त्यातली आमची लाल कंधारी जोडी कुणी बघावी अशी. पोळा नुकताच झाला होता, शिंगं अजून रंगलेली होती. त्या काळी ऑइलपेंट नव्हता म्हणून सिनेमावाल्यांनी ती घासून घासून कोरी केली. बैलांबरोबर ह्यांनाही बंडखोर करून घेतलं. हौसेला मोल नसतं.

मला दोन गोष्टींची धास्ती होती. एक म्हणजे आमचा धाकटा बैल जाळाला बुजतो. लांब बांधावर कुणी कापसाच्या पऱ्हाट्या पेटवल्या तरी दावं तोडायला बघतो. दुसरी म्हणजे ह्यांची खोड. बैलाचा कासरा मुठीत धरायचा सोडून हे मनगटाला त्याचा वेढा घेतात. बैल उधळला तर असा माणूस फरफटतच जायचा. मूठ उघडली तर वेढा सुटतो म्हणतात, पण पडलेला माणूस मूठ आणखीच आवळतो. लग्न झाल्यापासून मी हे सांगत आले. पण सांगणारीच भित्री, मग ऐकतंय कोण?

त्या दिवशी दुपारपासून अख्खा गाव गढीखालच्या पडीक रानाच्या कडेला जमला. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पोतं अंथरून सगळ्यांत पुढं बसल्या होत्या. त्यांचं बोलणं फार थोडं आणि नजर फार कडक. डोक्यावरचा पदर घसरला तर त्या बोलत नाहीत, नुसत्या बघतात.

समोर सगळे बंडखोर एकसारखे. तीच चिकटवलेली दाढी, तेच मुंडासं, तोंडाला तीच काळी माती. माझा नवरा मला ओळखू येईना. धाकटा बैल दिसला, म्हणून त्याच्याजवळचे ते हे, असं मी धरलं. मोठा बैल दुसऱ्या गड्याच्या हाती दिला होता. सुभेदाराचे घोडे म्हणजे परभणीहून आणलेले वरातीचे घोडे. हलगी वाजली आणि लढाई सोडून ते जे नाचायला लागले, लोक पोट धरून हसले. मला हसू येईना. बैलांच्या मागं मशाली धरून गडी उभे होते आणि एकजण पेटती काडी घेऊन एकेक मशाल पेटवत चालला होता.

"अगं, ह्ये तर खरंच पेटवायलेत!" मी शेजारणीला म्हटलं.

"शिंगाला कुठं लावलंय? हातातच हाय की," ती म्हणाली आणि मोबाईल वर धरला.

शिंगांची चौकशी मी केली होती. हातांची करायची राहिली होती. उठून सांगावं म्हटलं, तर पुढ्यात आत्याबाई बसलेल्या.

दिवस बुडायला आला होता, त्यांना तोच उजेड हवा होता. इशारा झाला, हलगी कडाडली, सगळे पळत सुटले. मागच्या एका मशालीतली पेटती चिंधी उडून धाकट्याच्या पायाजवळ पडली. तो जागेवरच उंच उसळला आणि तिरका सुटला. हे आडवे झाले. कासरा मनगटाला होताच.

खडकाळ रान. त्यावरून माझा नवरा पोत्यासारखा ओढला जात होता, आणि कॅमेऱ्यामागून कुणीतरी ओरडत होतं, "वा! वा! चालू ठेवा!" लोकांनी शिट्ट्या मारल्या. त्यांना वाटलं, नट असाच पडतो. मला वाटलं, संपलं. खरंच वाटलं, आता आपण हे मरताना बघणार, आणि गाव टाळ्या वाजवणार.

मी ओरडले, "अवो! सोडा! अवो, मूठ सोडा!"

तीन-चार दाढीवाल्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. ह्यांनी नाही. एव्हाना बाकीचे बैलही बुजले होते आणि माझ्या दोन्ही बाजूंनी बायका आपापल्या धन्याला हाका मारत होत्या. सगळ्यांची हाक एकच. अवो, अवो, अवो.

मग मी ह्यांचं नाव घेतलं. लग्नात उखाण्यातून घेतलं होतं, त्यानंतर कधी नाही. आता नुसतं नाव, गळा फाटेस्तोवर, एकदा आणि पुन्हा एकदा. ह्यांनी मान वर केली, मला पाहिलं आणि मूठ उघडली. बैल एकटाच पुढं गेला.

ह्यांना उठून बसताना पाहिलं, तेव्हा कुठं मी हाक थांबवली. शिट्ट्या थांबल्या होत्या. बायका माझ्याकडं बघायच्या आणि मग आत्याबाईंकडं. भरल्या गावात, सासूच्या पुढ्यात सुनेनं नवऱ्याला नावानं हाक मारली होती. आत्याबाई उठल्या, पोतं झटकलं आणि तडक घरी निघाल्या.

धाकटा आमच्या आधी घरी येऊन गोठ्यात उभा होता. ह्यांचं मनगट सोलवटून सुजलं होतं. डॉक्टरांकडून पट्टी बांधून आलो, तर टोपीवाले साहेब ओसरीवर हजर.

"शॉट झकास झालाय. फक्त शेवटी एका बाईचा आवाज आलाय. उद्या परत करू."

"येतो की," हे म्हणाले. पट्टी बांधलेल्या हातानं! मला रडूच फुटलं.

"बैलं येनार न्हाईत," दारातून आत्याबाई म्हणाल्या. "आन् ह्यो बी येनार न्हाई."

साहेब गेले. हे ओसरीवरच भिंतीला टेकून पडले. मी स्वयंपाकघरात भाकरी थापायला बसले. आत्याबाई येऊन शेजारी बसल्या.

"चुकलं माझं, आत्याबाई."

"काय चुकलं?"

मी भाकरी तव्यावर टाकली. त्या तव्याकडं बघत होत्या.

"लय वर्सामागं गडी बैलं धुवायला वढ्यात उतरले व्हते," त्या म्हणाल्या. "वरून पुराचं पानी यायलेलं मला दिसलं. काठावरून मी लय वरडले. अवो, भायेर या, अवो. समद्याच बाया अवो, अवो करायल्या व्हत्या. ह्येनी मान बी वळवली न्हाई. वाटलं आसंल, दुसऱ्याच कुनाची बायकू हाय."

सासरे मी पाहिले नाहीत. पुरात गेले, एवढंच मला ठाऊक होतं. भाकरी करपली तरी मला कळलं नाही.

आणि मग आत्याबाईंनी सासऱ्यांचं नाव घेतलं. मला सांगायला नाही, हाक मारायला. समोरच्या भिंतीकडं बघत, लांबच्या माणसाला मारावी तशी, पूर्ण आवाजात.

"कोन आलंय गं?" बाहेरून ह्यांनी विचारलं.

आत्याबाईंनी करपलेली भाकरी तव्यावरून उतरवली.