अंगोऱ्याची करडं अन् माझा मेव्हणा

हसायचं तर पोटभर हसा, पण मधी बोलू नका. आपल्याच तोंडानं आपली फजिती सांगायची म्हंजे सोपं काम न्हाई!

निजामाच्या राज्यातली गोष्ट. धर्मापुरीजवळच्या आमच्या गावच्या देशमुखांनी कुठूनशा तीन अंगोरा शेळ्या आणल्या. पांढऱ्याफेक! केस इतके लांब, की तोंड कुठलं अन् शेपूट कुठलं कळायचं न्हाई. सांभाळायला कोण? मीच! शेळीतलं माझ्याइतकं कळतंय कुणाला, सांगा?

तिघींना एकेक करडू झालं. करडं तीन महिन्यांची झाली. देशमुख म्हणाले, "आता दुधावरनं तोड. पण एक जरी दगावलं ना, तर तू अन् मी!"

"मालक, निवांत झोपा."

आया नेल्या वढ्यापल्याड. तिन्ही करडं माझ्या गोठ्यात. खाली कोरडं गवत, जंतावर वावडिंग, पुढ्यात बाभळीचा पाला. पण पाल्याला तोंड लावतील तर शपथ! मग मी डोकं चालवलं. माझी काळी शेळी त्यांच्यात सोडली. मोठीचं बघून बारकी खायला शिकतात, हे मला बापानं शिकवलेलं. काळीचं करडू नुकतंच इकलं होतं, ती बी रमली.

आठ दिवसांत करडं टुमटुमीत! मी गावभर सांगत सुटलो, "पाला कसा घालावा, ते माझ्याकडनं शिका बे!"

पण काळीचं दूध आटलं. सकाळच्याला भांडं घेऊन बसावं, तर थान रिकामं! तवा माझा मेव्हणा किसन चौसाळ्याहून पाहुणा आलता. रोज पहाटं गोठ्यात जायचा. झालं, चोर सापडला!

"किसन, दूध कावून चोरून पितोस बे?"

"देवाशपथ दाजी, मी झाडायला जातो!"

"पाहुणा कधी गोठा झाडतो व्हय?"

बायको कडाडली, "माझ्या भावावर आळ? उद्या त्याच्यासंगं मी बी चालले!"

तिनं बोलणंच टाकलं. जिवाला लई लागलं हो! पण माघार घेईन तो मी कसला?

दुसऱ्या दिवशी ती गाठोडं घेऊन दारात, अन् समोरून देशमुख हैदराबादचे एक साहेब घेऊन हजर. माझ्यासाठी जरीचा फेटा बी आणलेला! करडं बघून साहेब खूश.

"क्या खिलाते जी इनको?"

मी छाती काढली. "पाला, हुजूर! दुधाचा थेंब न्हाई!"

तेवढ्यात दोन करडं गुडघे टेकून काळीच्या पोटाखाली शिरली. चुटूचुटू! शेपट्या नुसत्या नाचत होत्या! तिसरं ढुशा देत नंबर मागत होतं. अन् काळी? सगळा पाला तीच चघळत होती.

साहेब पोट धरून हसले. देशमुखांनी विचारलं, "आता ह्यो फेटा कुणाला बांधू?"

बायकोनं गाठोडं खाली ठेवलं. "माझ्या भावाला. अन् ह्यांच्या हातानं."

काय करता? बांधायला लागलो. किसन मान ताठ करून बसला अन् म्हणाला, "दाजी, सावकाश बांधा. मी फेटा घेऊन पळून जायचो न्हाई."