देवाभाऊंच्या कापलेल्या कादंबऱ्या

मी अकोल्याला मुलीकडे होतो. चहा झाला होता, पेपर हातात होता, आणि बडनेऱ्याहून देवाभाऊंच्या पत्नीचा, निर्मलावहिनींचा फोन आला. "सर, हे गेले. सकाळीच. तुमी उन्हाचे येऊ नका, लय तापून राहिलं," एवढंच म्हणाल्या. नवरा गेलाय, आणि बाई माझ्या उन्हाची काळजी करताहेत. आणि मी? मी खरोखरच गेलो नाही. आठवड्याने अमरावतीत शोकसभा झाली, तिथे मात्र इस्त्रीचा शर्ट घालून वेळेवर हजर झालो, कारण तिथे भाषण करायचं होतं.

त्या सभेत जे ऐकलं त्याची किळस आली. ज्यांनी आयुष्यभर देवाभाऊंच्या पुस्तकांना 'स्टेशनछाप' म्हटलं, ते 'वाचनसंस्कृतीचा दीपस्तंभ' वगैरे बोलत होते. एकाने तर त्यांच्या देविदास या नावाचं देवदास करून टाकलं, आणि कुणी दुरुस्तही केलं नाही. देवाभाऊंच्या कपाटातल्या एकाही कादंबरीचं नाव कुणाच्या तोंडून निघालं नाही. सगळ्यात लांबलचक भाषण माझं झालं. मीही एकही नाव घेतलं नाही.

देविदास ठोंबरे, आमचे देवाभाऊ, बडनेऱ्यात स्टेशनच्या वाटेवर एका खोलीत वाचनालय चालवायचे. घरचे सगळे भाजी पिकवणारे आणि विकणारे. यांनीही बरीच वर्षं बाजारात बसून वांगी-कोहळी विकली, आणि मग एकाएकी कादंबऱ्यांत शिरले. बोलणं मात्र भाजीवाल्याचंच राहिलं. खुनाच्या, भुताच्या, प्रेमाच्या, राजेरजवाड्यांच्या, परग्रहावरच्या, बाजारात येईल ती नवी कादंबरी ते आणायचे आणि दारातच मांडायचे. "सर, नवी कादंबरी मेथीसारखी असते. आठ दिवसात उठली पायजे, मंग तिले कोणी हात नाई लावत," असं त्यांचं म्हणणं. पण चारपाचशे पानांची कादंबरी एकानेच पंधरा दिवस अडकवून ठेवली तर बाकीच्यांनी काय करायचं? म्हणून देवाभाऊ ती सरळ कापायचे. शिवण उसवून तीन भाग करायचे, प्रत्येकाला पुठ्ठा लावून जाड दोऱ्याने शिवायचे, आणि आत चिठ्ठी ठेवायचे. हा भाग वाचून झाला की पुढे कुणाकडे पोचवायचा, त्याचं नाव त्या चिठ्ठीवर असायचं. मी आयुष्यभर कॉलेजात मराठी शिकवलेलं. पहिल्यांदा ती कापाकापी पाहिली तेव्हा मला शिसारी आली. "अहो, पुस्तक कापता?" मी ओरडलोच. ते सुरी बाजूला ठेवून शांतपणे म्हणाले, "आख्खं कोहळं कोण नेते सर? फोडी करून देल्ल्या तं चार घरी भाजी होते."

एकदा या कापण्या-शिवण्यात त्यांची मोठी चूक झाली. एका प्रेमकथेला भुताच्या कादंबरीचा शेवट शिवला गेला. महिनाभर ती फिरली, आणि कुणी तक्रारच केली नाही! शेवटी मंदाबाई आल्या. या रेल्वेतून निवृत्त झालेल्या, देवाभाऊंच्या सगळ्यात जुन्या वाचक. त्या म्हणाल्या, "भाऊ, इकडे पोरीचं लग्न ठरलं अन् तिकडे एकदम विहिरीतून मुडदा निघाला. पण बरं झालं, तो पोरगा मले पहिल्यापासूनच पटत नव्हता." मी हा किस्सा स्टाफरूममध्ये वर्षभर रंगवून सांगितला. असल्या पुस्तकांना आणि असल्या वाचकांना शेवट कोणताही चालतो, हे माझं तात्पर्य. लोक खो खो हसायचे. देवाभाऊ मात्र हसले नव्हते. त्यांनी वही काढून कोणाकोणाकडे ती कादंबरी गेली होती ते शोधलं, आणि सायकलवर घरोघरी जाऊन प्रत्येकाला खरा शेवट नेऊन दिला. "लोकाईनं एवढं वाचलं सर, अन् आपण त्याईले भलताच शेवट द्यायचा?" हे सांगताना त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू कुणाच्या पानात विष वाढलं असावं. मला तेव्हा ते बावळटपणाचं वाटलं होतं.

आता जे लिहायला बसलो ते. माझी बायको सुमन पाय मोडून अंथरुणाला खिळली, तेव्हा तिच्यासाठी मी देवाभाऊंकडे जाऊ लागलो. तिला वाचून दाखवता दाखवता मलाच चटक लागली. पुढे सुमन गेली... आणि मी जातच राहिलो. दर आठवड्याला एक भाग. देवाभाऊ न विचारता तो वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "सर, तुमचा तो संदर्भग्रंथ आला." मी मात्र, हे जिथे छापून येतंय त्या याच पुरवणीत, अशा कादंबऱ्यांवर 'वाचकाची जीभ बिघडवणारा माल' असा लेख लिहून मोकळा झालो होतो. त्यांनी तो कापून खोलीत भिंतीवर चिकटवला होता. "सरांनी लिवलं आहे, वाचा," म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. त्या भिंतीखाली उभा राहून मी पिशवीत खूनकथा घालायचो.

देवाभाऊ गेल्यावर वहिनींनी सगळी पुस्तकं शहरातल्या एका ग्रंथालयाला द्यायचं ठरवलं. अट एकच, ती लोकांना वाचायला मिळाली पाहिजेत. निवड करायला ग्रंथालयाचे अध्यक्ष, एक सदस्य आणि मी असे तिघं बसलो. चहा आला, वेफर्स आले. अध्यक्षांनी एक कादंबरी दोन बोटांनी उचलली, पुठ्ठ्यावरचा भुताचा हात पाहिला आणि म्हणाले, "हात धुवावे लागतील." दुसऱ्याने कापलेले भाग पाहून नाक मुरडलं. कुणी एकही पान उघडलं नाही. कुणीतरी कधीतरी फुकट देऊन गेलेली चाळीसेक चरित्रं आणि कवितासंग्रह ठेवायचे, बाकी सगळं रद्दी म्हणून कागदाच्या लगद्याला पाठवायचं, असं ठरलं. कागद माझ्यापुढे सरकला. मी सही केली. वेफर्सचं तेल माझ्या बोटांना होतं, त्याचा डाग सहीशेजारी पडला.

वहिनी बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांना आत बोलावून निर्णय सांगितला. त्या रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. माझ्याकडे वळून त्यांनी फक्त विचारलं, "सर, तुमी तं लय वाचल्या यातल्या. वाईट कोणती निघाली?"

दोघेही माझ्याकडे बघायला लागले. आणि मी म्हणालो, "छे, मी कुठला वाचतो! मिसेससाठी न्यायचो."

सुमनला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. वहिनी तिच्या तेराव्याला येऊन गेल्या होत्या. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि अध्यक्षांना सांगितलं, "हो, बाईसाठीच नेत होते सर." मग पदर सावरून निघून गेल्या. मेलेल्या बायकोच्या आड लपणारा माणूस कसा दिसतो, हे तुम्हाला पाहायचं असेल तर वर छापलेलं नाव बघा. शोकसभेतल्या त्या भाषणांची मला आली नव्हती एवढी किळस मला त्या दिवशी माझी आली. दुपारी टेम्पो आला आणि पुस्तकं घेऊन गेला.

माझ्या घरी एक भाग तेवढा उरला होता, एका नव्या खूनकथेचा दुसरा भाग. चिठ्ठीवर देवाभाऊंच्या गोल अक्षरात लिहिलेलं, 'सरानंतर मंदाबाई'. गेल्या रविवारी बडनेऱ्याला गेलो. मंदाबाईंनी दारातच तो भाग हातात घेतला, जवळजवळ हिसकावलाच.

"बरं झालं आणला. किती दिवसाची वाट पाहून राहिली मी! वाचली काय तुमी? कशी आहे?"

"वाचली. खाली ठेववत नाही," मी म्हणालो. पटकन बोलून गेलो. एवढंच तर बोलायचं होतं त्या दिवशी.

"मंग तिसरा भाग मी वहिनीकडून आणीन," त्या म्हणाल्या.

मी मान डोलावली. परत आलो.

मंदाबाई, तुम्ही ही पुरवणी वाचता. तिसऱ्या भागासाठी वहिनींकडे जाऊ नका. तो मी सही करून लगद्याला पाठवला आहे.